समोरची भिंत

मुलुंड (पूर्व)
१२ एप्रिल

चि. रेवा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले सातही फोटो पाहिले. आईनेही पाहिले, माझ्या हातातून मोबाइल काढून घेऊन. "छान आहे. पण हे घर कुणाचं?" म्हणाली. रेवाला ऑफिसची खोली अशी करायची आहे, असं सांगितल्यावर नुसतं "हं" झालं. त्या "हं"चा अर्थ तुला माझ्यापेक्षा चांगला कळतो.

फोनवरच बोललो असतो, पण हल्ली तू दोन मीटिंगांच्या फटीत सापडतेस. मला जे सांगायचं असतं ते नेमकं "बाबा, ठेवते, कॉल आलाय"च्या पलीकडे राहून जातं. म्हणून हा कागद.

फोटोंतलं पांढरं टेबल, पांढरी भिंत, रंगाप्रमाणे लावलेली पुस्तकं (निळं पुस्तक हवं असलं तर सापडेल, नाव आठवत असलं तर काय करायचं?), प्लास्टिकचं झाड आणि भिंतीवर चमकणारी इंग्रजी अक्षरं, सगळं नीट पाहिलं. मग एक गोष्ट लक्षात आली. सातही फोटो लॅपटॉपच्या कॅमेऱ्याच्या जागेवरून काढलेत. खुर्चीत बसल्यावर समोर काय दिसतं, ते एकातही नाही. तुझ्या मागची भिंत तुझ्या ऑफिसातले लोक बघणार आणि तू दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसणार. मग सगळा खर्च त्याच भिंतीवर कशाला? तिथे एक साधा पडदा नाहीतर एखादं कपाट पुरे. तुझं म्हणून जे काही आहे ते समोर लाव.

आपण १९९४ साली मुलुंडला आलो तेव्हा तू तीन वर्षांची होतीस, त्यामुळे नायगावची खोली तुला आठवत नसणार. बीडीडी चाळ, १९२०च्या दशकात बांधलेली. तळमजला आणि वर तीन मजले, एकेक खोली १६० चौरस फुटांची, नळ-संडास सामाईक. आम्ही सहा माणसं. कंपनीच्या पगारात भागत नव्हतं, म्हणून रात्री दहानंतर मी बाहेरची यंत्रांच्या ड्रॉइंगची कामं घ्यायचो. बोर्ड दिवसा भिंतीला उभा असायचा आणि रात्री दोन पत्र्याच्या ट्रंकांवर आडवा. खाली मी मांडी घालून. दिवा वायरने खाली ओढून आणलेला आणि त्याला डालड्याचा डबा कापून शेड केलेली, म्हणजे उजेड बोर्डावरच पडावा, आजीच्या डोळ्यांवर नको. डबा असा तापायचा की एकदा टी-स्क्वेअर (रेघा मारायची टी आकाराची लांब पट्टी) सरकवताना कोपर चिकटलं. त्याचा डाग तू लहानपणी "बाबांचा नकाशा" म्हणून बोटाने गिरवायचीस.

समोर काय होतं? कालनिर्णय, त्यावर कुठलं काम कधी द्यायचं ते लाल पेन्सिलने. शेजारी पंपाच्या केसिंगचं एक ट्रेसिंग, माझं एकाही दुरुस्तीशिवाय पास झालेलं पहिलं ड्रॉइंग. खिळ्याला किल्ल्या. पाहुण्याला त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण अकराच्या पुढे डोळे चुरचुरायला लागले की मी मान वर करून त्या पंपाकडे बघायचो आणि पुढची रेघ मारायचो. तुझ्याकडे असा पंप कुठला आहे, ते मला नाही सांगता येणार. इन्शुरन्सचे क्लेम तपासणाऱ्या मुलीच्या भिंतीवर काय असावं, ते तूच ठरव. फक्त विकत आणायला धावू नकोस.

आणि एक. बारा वाजले की बोर्डावर सोलापुरी चादर टाकायचो. चादर पडली की ऑफिस सुटलं. तुझ्या खोलीला तर दार आहे. तरी परवा जेवताना साडेनऊला लॅपटॉप आतून टुणटुण करत होता आणि तू दोनदा उठलीस. दुसऱ्यांदा उठलीस तेव्हा आमटी गार झाली.

आता उजेड. यावर मी जरा लांबण लावणार आहे, सहन कर. आमच्या धंद्यात उत्तरेच्या खिडकीला मान, कारण तिथून उजेड येतो पण ऊन फारसं येत नाही. तुझ्या वाट्याला पश्चिमेची आली. खिडकीकडे पाठ केलीस तर मीटिंगमध्ये तुझा चेहरा काळा आणि स्क्रीनवर चकाकी. तोंड केलंस तर तीननंतर डोळ्यांत ऊन. म्हणून टेबल खिडकीला काटकोनात. उजेड डावीकडून घ्यावा असं सगळे सांगतात, ते उजव्या हाताने लिहिणाऱ्यांसाठी. तू डावखुरी, डावीकडून उजेड आला तर वहीत तुझ्याच हाताची सावली पडेल. तेव्हा खिडकी उजव्या हाताला ठेव. म्हणजे तोंड दक्षिणेला येतं. हे आईला तू सांगू नकोस, मी सांगेन.

सध्या सूर्य जवळजवळ सरळ पश्चिमेला मावळतो. पण १५ मेच्या सुमारास मुंबईत भर दुपारी सावली पायाखाली गडप होते आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा जरासा उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत मावळतीचं ऊन वायव्येकडून तिरकं येऊन थेट तुझ्या टेबलावर पडेल. डिसेंबरात उलट, नैऋत्येकडून येऊन पाठीमागच्या भिंतीवर. एक काम कर. चार वाजता आणि साडेपाचला उन्हाची कड जिथे असेल तिथे लादीवर मास्किंग टेप लाव, तारीख घाल, दर पंधरवड्याला. डिसेंबर संपेपर्यंत भिंतीत एकही खिळा नको. मध्ये पाऊस येईल, ढगांमुळे दोन-तीन महिने खाडे पडतील, पडू देत. खिडकीला बांबूचा गुंडाळायचा पडदा टाक. जाड कापडी पडदा दमट हवेत वास मारतो.

पावसाचा वाराही नैऋत्येकडूनच येतो. नववा मजला, समोर आडोसा नाही, त्यामुळे पश्चिमेची भिंत पहिली ओली होणार. तिच्यावर वॉलपेपर लावलास तर गणपतीपर्यंत कोपरे सुटतील. पुस्तकं तिला टेकवू नकोस, टेबल चार बोटं लांब ठेव. आणि ते पांढरं टेबल एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं असणार. एमडीएफची कड एकदा पाणी प्यायली की चहातल्या बिस्किटासारखी फुगते आणि परत बसत नाही. घ्यायचंच तर सुताराकडून पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं करून घे. जोगेश्वरीचं ओशिवरा फर्निचर मार्केट तुझ्या गोरेगावहून जवळ आहे. तिथे जुनं सागवानही मिळतं, फक्त पॉलिशखाली काय आहे ते नखाने खरवडून बघ.

किंवा माझा बोर्ड घे.

हे पत्र त्यासाठीच लिहिलं असं आई म्हणेल. म्हणू दे. एक मीटर बाय सत्तर सेंटिमीटर, तुझ्या आठ बाय नऊच्या खोलीला बेताचा. लॅपटॉप, वही आणि चहा मावतो; दुसरा स्क्रीन मावणार नाही, तो स्क्रीनच्या स्टँडने (मॉनिटर आर्मने) भिंतीवर बसव (डिसेंबरनंतर). लाकूड मऊ आहे, ड्रॉइंग पिनांच्या भोकांनी चारही कोपरे चाळणीसारखे झालेत. एका कडेला काळी पट्टी आहे, टी-स्क्वेअर तिच्यावरून सरकायचा. माझ्यासाठी ती डावीकडे होती, तू बोर्ड फिरवून उजवीकडे घे. मागे दोन आडव्या पट्ट्या आहेत. त्यांचे स्क्रू लांबट खाचांत बसवलेत, घट्ट नाहीत, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि त्याला सरकायला जागा लागते. सुतार म्हणेल ढिलं आहे, फेव्हिकॉल लावून आवळतो. आवळू देऊ नकोस. वरून सनमायका मारायला निघाला तर त्याला मला फोन लावायला सांग.

बाकीचं पटापट सांगतो. कोपर काटकोनात आणि मनगट सरळ राहील एवढी टेबलाची उंची. तयार टेबलं साधारण ७५ सेंटिमीटरची असतात, तुला ती उंच पडतात आणि मग खुर्ची वर केली की पाय लोंबकळतात. पायाखाली पाट घे. (आईची अट: देवाचा नको, जेवणाचाही नको. माळ्यावर एक तडकलेला आहे.) लॅपटॉप उचलून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आण आणि कीबोर्ड वेगळा घे. लॅपटॉपखाली द्यायला एमटीएनएलच्या दोन जाडजूड डिरेक्टऱ्या ठेवल्या आहेत, त्यांचा दुसरा उपयोग आता उरलेला नाही. दिवा लोहार चाळीतल्या विजेच्या दुकानांतून आण, ४००० केल्विनचा. ६५००चा पांढराफटक नको, इस्पितळाच्या व्हरांड्यात बसल्यासारखं होतं. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन लावायचं नाही, हे तुला दहावीपासून सांगतोय. झाड हवं तर मनीप्लांटची फांदी आईने बाटलीत लावून ठेवली आहे, मुळं फुटलीत.

बोर्ड काल माळ्यावरून उतरवला, पुसला. नायगावला तो दिवसा उभा असायचा तेव्हा पाठ खोलीकडे यायची आणि तिथे आई पेन्सिलने दुधाचा हिशेब मांडायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, खाडा असला की शून्य. तुझा जन्म झाला त्या महिन्यात एकही शून्य नाही आणि मधूनच रोजचा अर्धा लिटर वाढलाय. काल पुसताना ती बाजू मी सोडली. आईने बघितलं, पण बोलली नाही. फडकं माझ्या हातातून घेऊन कडा तेवढ्या पुसल्या.

टेम्पोवाला रविवारी सकाळी यायला तयार आहे. नको असेल तर शनिवारी दुपारपर्यंत कळव, म्हणजे त्याला "येऊ नकोस" असं सांगता येईल. हवा असेल तर लिफ्टचं माप घेऊन ठेव, तिरका घालावा लागेल.

जावईबापूंना आशीर्वाद. रात्री लवकर जेवत जा.

तुझा,
बाबा