देवाकडे बसण्यापुरती शांतता राहू द्या

मा. संपादक,

श्रावण लागला की गोव्यातील अंत्रुज महालातील, म्हणजे फोंडा भागातील देवळांत भाविकांची रीघ लागते, आणि त्या गर्दीत आपली एक जुनी सवय दरवर्षी थोडी थोडी मागे पडताना दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ती सवय म्हणजे दर्शन झाल्यावर देवाकडे घटकाभर बसण्याची. नात्यागोत्यात कोणावर कसलाही प्रसंग आला की माझी आई एवढेच सांगायची, ‘देवाकडेन वचून मात्शें बसून यो’ (देवाकडे जाऊन थोडे बसून ये). नवस, अभिषेक, कौल हे सारे तिच्या लेखी नंतरचे होते.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली तेव्हा बांदोड्याच्या नागेशीला, नागेशाच्या देवळात, एकदा न्यावे, एवढीच तिची इच्छा होती. मी ती एका सोमवारवरून दुसऱ्या सोमवारवर ढकलत राहिलो. कधी पाऊस आडवा आला, कधी कार्यालयातील काम. भाद्रपदात ती गेली. मावशीने विचारले तेव्हा, आईलाच प्रवास नको होता, असे मी सांगून टाकले. पुढे दिवसकार्य झाले, घरात गोमूत्र शिंपडले गेले, सुतक फिटले. अंगाचे सुतक फिटायला दिवसांची गणती असते, परंतु मनावर जे बसले होते त्याला कोणतीही गणती लागू पडेना. रात्री झोप नव्हती आणि मावशीचा फोन आला तरी तो उचलण्याचे धैर्य होत नव्हते.

एका संध्याकाळी मी एकटाच नागेशीला गेलो. पाय धुऊन दर्शन घेतले आणि सभामंडपातील लाकडावर कोरलेल्या रामायणाच्या प्रसंगांखाली काही वेळ बसलो. नंतर बाहेर येऊन तळीच्या पायऱ्यांवर टेकलो, जिथून माडांची सावली पाण्यात उतरलेली आणि त्या सावलीतून मासे फिरताना दिसतात. भटजींना गाऱ्हाणे घालायला सांगितले नाही, कारण जे सांगायचे होते ते दुसऱ्याच्या तोंडून सांगण्यासारखे नव्हते. मनातल्या मनात देवाला सगळे सांगितले: टाळाटाळ सांगितली, मावशीशी बोललेले खोटेही सांगितले. उत्तर आले नाही, कसला साक्षात्कारही झाला नाही. मात्र ज्याला सारे आधीच ठाऊक आहे त्याच्यापुढे लपवण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने रडू आले, आणि त्या रात्री मी पहाटेपर्यंत झोपलो. दुसऱ्या दिवशी मावशीला फोन करून खरे काय ते सांगितले. देवाच्या सान्निध्यात मन शुद्ध होते म्हणजे काय, हे मला त्या फोननंतर कळले. झालेली चूक पुसली गेली नाही, ती माझीच आहे. पण तिच्यापासून पळत राहण्याचा शीण उतरला. गाभाऱ्यात रोज सकाळी कालचे निर्माल्य उतरवल्यावरच ताजी फुले चढवतात. आपल्या आतले निर्माल्य उतरवायलाही तेवढाच निवांतपणा लागतो.

आपल्या या भागाला आसऱ्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. नागेश बांदोड्यात पूर्वीपासूनच होता, तेथील शिलालेख 1413 सालचा आहे. परंतु कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची म्हाळसा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे नदी ओलांडून इकडे आली. ज्या पूर्वजांनी घरदार मागे टाकून देव जपून आणले, त्यांनी या देवळांत आधी विसावाच शोधला असेल, असे मला नेहमी वाटते.

आज त्या विसाव्याला जागा उरत नाही. मध्यंतरी एका मोठ्या देवळात मी अर्धा तास बसलो होतो. तेवढ्या वेळात ध्वनिवर्धकावरील ध्वनिमुद्रित गाणी थांबली नाहीत आणि चौकात चित्रफिती काढणाऱ्यांना वाट देण्यासाठी मला दोनदा उठावे लागले. माझा आक्षेप नादाला नाही. घुमट आणि शामेळ या वाद्यांच्या साथीने माणसे स्वतःच्या कंठाने आरती म्हणतात तेव्हा मन आपोआप तिच्यात विरघळते. आपल्याच गावांतील चर्चच्या घंटा गुड फ्रायडेला वाजत नाहीत, आणि त्या मौनाचे भान ख्रिस्ती शेजारी किती मनापासून राखतात हे आपण पाहतोच.

म्हणून सर्व देवस्थान समित्यांना नम्र विनंती आहे की, निदान सांजेच्या आरतीपूर्वीचा अर्धा तास ध्वनिवर्धक बंद ठेवावेत, सभामंडपात मोबाईल वापरू देऊ नये आणि म्हाताऱ्या माणसांना टेकण्यासाठी भिंतीलगत चार बाके मांडावीत. याला खर्च फारसा नाही. भाविकांनीही दर्शन आटोपल्याबरोबर पार्किंगकडे धाव न घेता थोडे थांबावे.

पुढच्या महिन्यात आईचे वर्षश्राद्ध आहे. त्यानंतर मावशीला घेऊन नागेशीला जाण्याचे ठरले आहे. तिचे गुडघे दुखतात, तळीच्या पायऱ्या तिला उतरवणार नाहीत, आणि तिने आतापासून दोनदा विचारले आहे, ‘थंय बसपाक मेळटलें मरे?’ (तिथे बसायला मिळेल ना?)

आपला,
एक वाचक, माशेल