चि. निहारला, किल्लीबद्दल

चि. निहार,
अनेक आशीर्वाद.

ताप उतरल्यावर कळवलंस. "आता बराय, म्हणून सांगतोय." अगदी बाबांची तऱ्हा. लील शहरातली ती पाचव्या मजल्यावरची खोली, अंगात 39 सेल्सिअसच्या वर ताप, आणि दार आतून बंद. दुसरी किल्ली कुणाकडे ठेवलीस, एवढंच मी फोनवर विचारलं. तर हसलास आणि म्हणालास, "आई, हे काही मिस्त्राल नाही."

'प्लू बेल ला वी' मालिकेतला मिस्त्राल मोहल्ला खरा कुठेच नाही, हे मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. तो चौक, रोलांचा बार, सगळं इथे मार्सेयच्या बेल द मे भागात, जुन्या तंबाखू कारखान्याच्या आवारातल्या स्टुडिओत उभारलेलं. तरी उन्हाळ्यात पानिए या जुन्या वस्तीच्या चढावर पर्यटक अडवून विचारायचे, मिस्त्रालचा चौक कुठे? आणि मी, साताऱ्याची बाई, मार्सेयमध्ये उभी राहून फ्रेंच माणसांना सांगायची की असा चौक नाही हो.

ते सांगण्याइतकं फ्रेंच मला 'प्लू बेल ला वी'नेच दिलं. क्लासमधलं फ्रेंच बेकरीतल्या बाईपुढे चालायचं नाही. रात्री आठला मोठ्या वाहिन्यांवर बातम्या, आणि त्या संपायच्या आत फ्रान्स 3 वर आपली मालिका. बाबांची रोजची कुरकुर. कर्णबधिरांसाठीच्या ओळी लावायच्या, शब्द वहीत उतरवायचे, तू पायाशी गाड्या फिरवत. भांडणं आधी कळायला लागली, विनोद फार उशिरा. आजींना तर एक अक्षर कळायचं नाही, पण खोटं कोण बोलतंय ते नेमकं सांगायच्या. 2013 मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा झाला आणि दोन-तीन महिन्यांत मालिकेत थॉमस-गॅब्रिएलचं लग्न लागलं. आजींनी शांतपणे विचारलं, "यात मुलीकडचे कोण?" बाबांना ठसका लागला होता, आठवतं?

विषय किल्लीचा होता.

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. मालिका सुरू झाली 2004 च्या ऑगस्टअखेर. त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये उन्हाच्या लाटेने या देशात सुमारे 15,000 माणसं गेली. बरीचशी म्हातारी, कितीतरी घरात एकटी. आपण तेव्हा इथे नव्हतो, पण दुसऱ्या मजल्यावरच्या मादाम अजून तो उन्हाळा सांगतात. मालिका सुरुवातीला फारसं कुणी बघत नव्हतं, मग रोज 50 लाखांहून जास्त लोक बघू लागले. बंद दारांचा धसका घेतलेल्यांना कुणीही कुणाच्या घरात शिरणारा चौक बघावासा वाटला असेल, असं माझं मत. बाबा म्हणतात, तू कशाचाही संबंध कशाशीही लावतेस. लावते.

तू बावीस वर्षांचा धडधाकट मुलगा आहेस, कळतं मला. तरी तापात घसरून पडला असतास तर? तुमच्या पिढीला शेजाऱ्याचं दार वाजवायचं म्हणजे संकट. आधी मेसेज, मग परवानगी, मग... जाऊ दे. आजारातून उठलेल्या मुलाला कुणी भाषण देतं का? रागावू नकोस.

पण तुला लहानपणी रात्री श्वास लागला होता, बाबा जहाजावर होते, आणि मला 15 या तातडीच्या वैद्यकीय मदतीच्या नंबरवर नीट बोलता येईना, तेव्हा मादामच गाऊनवर धावत वर आल्या. आपली किल्ली त्यांच्याकडे असायची. फोनवर पत्ता त्यांनी सांगितला. मी तुला धरून बसले होते, दाराकडे जाणंही सुचलं नसतं.

2022 च्या नोव्हेंबरमधला शेवटचा भाग लागला तेव्हा तू न बोलावता खोलीतून येऊन बसलास. अठरा वर्षं चाललेली मालिका, म्हणालास, "माझ्याएवढी." मला तेव्हाच वाटलं, आता हाही जाणार. गेलास ते चांगलंच झालं. लीलला प्रवेश मिळाल्याचं मी बेकरीतल्या बाईलासुद्धा सांगितलं, तेही न अडखळता. 2024 च्या जानेवारीपासून मालिका तेएफ 1 वाहिनीवर परत आली आहे, पण दुपारी. मी कामावर असते. नंतर बघता येते म्हणा, पण एकटीने बघण्यात मजा नाही.

तुझ्या समोर राहणारा तो सेनेगाली मुलगा, ज्याची सायकल तू दुरुस्त केलीस, तो भला वाटतो. त्याच्याकडे ठेव. नाहीतर मेअखेरीला शेजाऱ्यांचा दिवस असतोच, इमारतीत कुणी टेबल मांडलं तर पोहे घेऊन खाली जा आणि माणसं बघून ठरव. दुसरी किल्ली करून घ्यायला पैसे हवेत का, हे बाबा विचारतायत, मी नाही.

पातळ भात खा, अभ्यास दोन दिवस राहिला तरी चालेल.

तुझी,
आई

ता.क. रेवाताईला तापाचं सांगितलेलं नाही. तूच सांग, म्हणजे ती मला ओरडणार नाही.