जुन्या जीपचा गिअरबॉक्स आणि वाळूजचे कसब

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सचे दर्जेदार सुटे भाग मराठवाड्यात तयार होण्याबाबत

महोदय,

जुनी जीप, फियाट किंवा अॅम्बॅसिडर पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्याला आपल्या भागात पत्र्याचे काम करणारा, रंगारी, इंजिनाचे बोअरिंग करणारा असे सगळे कारागीर भेटतात. काम अडते ते गिअरबॉक्सपाशी. मिस्त्री तो खोलतो, झिजलेले दाते दाखवतो आणि पार्ट आणून द्या म्हणतो. तो पार्ट कुठून आणायचा आणि आणलेला चांगला आहे हे ओळखायचे कसे, हे सांगणारा मात्र सहसा कोणी नसतो. वाळूजच्या कारखानदारीत गिअरच्या गुणवत्ता तपासणीत नोकरी करून मी निवृत्त झालो आहे, आणि ओळखीच्या लोकांचे असे अनेक गिअरबॉक्स आता माझ्यासमोर येतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

उदाहरण जीपचेच घेतो, कारण पंचायत समितीपासून साखर कारखान्यापर्यंत मराठवाड्याने एकेकाळी तीच वापरली. अमेरिकेत विलिसची सीजे-3बी ही जीप 1953 ते 1968 या काळात तयार झाली. महिंद्राने मात्र तिचा साचा त्यानंतरही दीर्घकाळ चालू ठेवला. तिच्या टी-90 या गिअरबॉक्समध्ये पुढचे तीन गिअर असून सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना फिरत्या भागांची गती जुळवणारी रचना, फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याला आहे. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकला की दात्यांचे कोपरे उडतात, आणि दुसरा गिअर चालता चालता निसटू लागणे हे तर या गिअरबॉक्सचे ठरलेले दुखणे आहे. बहुतेक गॅरेजमध्ये अशा वेळी फक्त सिंक्रोनायझरची पितळी रिंग बदलली जाते. प्रत्यक्षात थ्रस्ट वॉशर (बाजूची हालचाल रोखणारी चकती) झिजून क्लस्टर गिअर (एकाच तुकड्यात अनेक गिअर असलेला भाग) पुढे-मागे सरकू लागलेला असतो, गिअर सरकवणारा फोर्क वाकलेला असतो किंवा गिअर जागेवर धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग थकलेली असते, त्यामुळे नवी रिंग बसवूनही तक्रार परत येते आणि दोष त्या रिंगेला दिला जातो.

अर्थात रिंगही वाईट असू शकते. तिच्या आतल्या अंगाला बारीक आटे असतात आणि त्यांची धार गिअरच्या कोनवरचा, म्हणजे निमुळत्या भागावरचा, तेलाचा थर कापते. धार बोथट असेल तर रिंग नुसती घसरत राहते. ही परीक्षा दुकानातच करता येते. कोनला तेलाचे बोट लावावे, रिंग त्यावर दाबून किंचित फिरवावी, ती पकड घेते का हे पाहावे आणि मग रिंग व गिअरचे दाते यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) चहूबाजूंनी मोजावी. फट एका बाजूला जास्त भरली तर ती रिंग परत करावी, मग दुकानदार कितीही जुन्या ओळखीचा असो.

गिअरच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विसंबून चालत नाही. चांगला गिअर 20एमएनसीआर5 किंवा ईएन353 यांसारख्या मिश्र पोलादाचा असतो. या पोलादात कार्बन जेमतेम 0.2 टक्क्यांच्या आसपास असतो. भट्टीत सुमारे 900 ते 930 अंश सेल्सिअसला दात्याच्या वरच्या थरात कार्बन मुरवून तो 0.8 टक्क्यांपर्यंत नेतात आणि मग गिअर तेलात विझवतात. त्यामुळे पृष्ठभाग 58 ते 62 एचआरसी (कठीणतेचे रॉकवेल माप) इतका कठीण होतो, पण आतला गाभा चिवट राहून धक्का सोसतो. स्वस्त मालात ईएन8 हे साधे पोलाद वापरून वरवरचे पाणी दिलेले असते, आणि पॉलिश केल्यावर दोन्ही गिअर शेजारी ठेवले तरी फरक कळत नाही. नांदेडकडच्या एका शेतकऱ्याने जीपसाठी ‘ओरिजिनल’ म्हणून घेतलेल्या क्लस्टर गिअरच्या दात्यांना एका ऊस हंगामातच खड्डे पडले. तपासला तेव्हा त्याची कठीणता अपेक्षेच्या खूप खाली निघाली. खोक्यावर उत्पादकाचे नाव नव्हते आणि व्यवहार कच्च्या चिठ्ठीवर झालेला असल्यामुळे त्या दुकानाकडे दाद मागण्याचा मार्गही बंद झाला होता. पुरते नुकसान सोसून तो गृहस्थ गप्प बसला, याचे मला आजही वाईट वाटते. नवी कानस दात्याच्या बाजूच्या, कामात न येणाऱ्या कडेवर हलकेच ओढून पाहिली असती तर कठीण दात्यावर ती घसरली असती आणि मऊ दात्याला लगेच धरली असती. इतकी साधी चाचणी करू देण्यास जो विक्रेता नकार देतो, त्याच्याकडून गिअर घेऊच नये.

बेअरिंग आणि ऑईल सील यांची चिंता तुलनेने कमी आहे, कारण बेअरिंगची मापे जगभर एकच असतात. 6306 क्रमांकाचे बेअरिंग कोणत्याही कंपनीचे घेतले तरी आतून 30, बाहेरून 72 आणि रुंदीला 19 मिलिमीटरच भरते. अडचण बनावट मालाची आहे, त्यामुळे बेअरिंग अधिकृत वितरकाकडूनच पक्क्या बिलावर घ्यावे. तेलाबाबत एवढेच सांगतो, की पितळी रिंगा असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-4 दर्जाचे तेल योग्य. जीएल-5 मधली गंधकयुक्त रसायने पिवळ्या धातूला मानवत नाहीत.

दिल्लीचे काश्मिरी गेट, मायापुरी किंवा मुंबईचे कुर्ला येथे शोध घेतला तर जुन्या गाड्यांचे भाग मिळतात, हे खरे. पण जालना किंवा लातूरहून तिकडे जाऊन, नमुना दाखवून, पारखून माल आणणे सर्वांना जमत नाही, आणि घरपोच मागवला तर तो हाती पडेपर्यंत पाहता येत नाही. बाहेरून सारखे दिसणारे दोन इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून गती घेणारे दांडे) लांबीत किंवा दात्यांच्या संख्येत वेगळे निघतात, हे तर नेहमीचेच आहे.

मला खरे आश्चर्य वाटते ते पुढच्या गोष्टीचे. ज्या शहरात बजाजचा कारखाना 1985 पासून चालू आहे, जिथे वाहनांचे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची वसाहत उभी राहिली, जिथे चिकलठाण्याला साचे व हत्यारे बनवणारी इंडो-जर्मन टूल रूम आणि वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, त्या छत्रपती संभाजीनगरातल्या माणसाला एका क्लस्टर गिअरसाठी दिल्लीची वाट धरावी लागते. दाते पाडणे, कार्बन मुरवणे, ग्राइंडिंग करणे, मोजणे ही सर्व कामे इथे रोज होतात. अडते ते संख्येपाशी. दहा-वीस नगांसाठी मशीन लावणे कोणत्याही कारखानदाराला परवडत नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

दुसरी अडचण नकाशांची आहे. झिजलेला गिअर नमुना म्हणून दिला तर झीजसुद्धा नकलेत उतरते. शिवाय जुन्या अमेरिकी आणि ब्रिटिश गाड्यांचे दाते इंचाच्या हिशेबाने, म्हणजे डायमेट्रल पिचमध्ये, पाडलेले असतात. उदाहरणार्थ, 8 डीपी (डायमेट्रल पिच) म्हणजे मिलिमीटरच्या हिशेबातले 3.175 मोड्यूल, त्याऐवजी हाताशी असलेला 3.25 मोड्यूलचा हॉब (दाते पाडण्याचे हत्यार) वापरला तर गिअर बसल्यासारखा वाटतो, परंतु जोडीदार गिअरशी दाते नीट जुळत नाहीत आणि दोन्ही लवकर संपतात.

म्हणून सीएमआयए आणि मासिआ या उद्योजक संघटनांना माझी विनंती आहे, की त्यांनी जीप, फियाट आणि अॅम्बॅसिडर यांच्या गिअरबॉक्समधील सर्वाधिक लागणाऱ्या भागांची मागणी मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांतून एकत्र नोंदवावी, न वापरलेल्या जुन्या भागांवरून टूल रूममध्ये नकाशे तयार करून घ्यावेत आणि इच्छुक लघुउद्योजकाला आगाऊ रक्कम देऊन एकेक तुकडी काढून घ्यावी. प्रत्येक नगावर तुकडीचा क्रमांक असावा आणि सोबत पोलादाचा व कठीणतेचा दाखला द्यावा. सप्टेंबर 2025 मध्ये 28 टक्के जीएसटीत मोडणारे वाहनांचे भागही 18 टक्क्यांत आले, त्यामुळे पक्के बिल टाळण्याचे कारणही आता कमी झाले आहे. वैधमापन विभागानेही बंद खोक्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता, उत्पादनाचे महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली आहे का, हे सुट्या भागांच्या दुकानांत जाऊन पाहावे. 2011 च्या नियमांनुसार ते बंधनकारकच आहे.

केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी सुरू केली आणि त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट घातली. मूळ गिअरबॉक्सचे भाग मिळत नाहीत म्हणून लोक त्या जागी दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स बसवतात, त्यासाठी चासीचे क्रॉस मेंबर कापतात, आणि चांगली टिकलेली गाडी या नोंदणीला मुकण्याची वेळ येते.

टी-90 च्या इनपुट शाफ्टची आणि क्लस्टर गिअरची, न वापरलेल्या नगांवरून घेतलेली मापे माझ्याकडे नोंदवलेली आहेत. कोणतीही संघटना किंवा उद्योजक हे काम हाती घेणार असेल तर ती विनामूल्य देण्याची आणि पहिल्या तुकडीची तपासणी स्वतः करून देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गुणवत्ता निरीक्षक,
सिडको, छत्रपती संभाजीनगर