खोदाईची परवानगी देताना गॅसवाहिनीची खोली मोजा

महोदय,

महामार्ग रुंदीकरणात किंवा केबलच्या खोदाईत गॅसवाहिनी फुटली, की जेसीबीचालकावर खापर फोडून सगळे मोकळे होतात. खरी गोम नकाशात असते. वितरणाची पिवळी किंवा केशरी एमडीपीई (मध्यम घनतेच्या प्लास्टिकची) नळी साधारण चार बार दाबाची. टाकताना ती किमान एक मीटर खोल असते आणि तिच्या तीसेक सेंटीमीटर वर इशारापट्टी अंथरलेली असते. पुढे साइडपट्टीची माती काढली, की मीटरचा अर्धाच उरतो. कागदावर मात्र जुनीच खोली. शिवाय प्लास्टिकची नळी धातुशोधकाला सापडत नाही. तिचा माग काढण्यासाठी सोबत धातूची तार टाकलेली नसेल किंवा तुटली असेल, तर अंदाजपंचेच कारभार! रस्ता न उकरता जमिनीखालून केलेले आडवे ड्रिलिंग तर इशारापट्टी दिसू न देताच नळीत घुसते.

खोदण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप २०२३ मध्ये आले, पण नुसत्या नोंदीने भागत नाही. आधी हाताने चाचणीखड्डे घेऊन नळी डोळ्यांनी पाहावी, खोदताना गॅस कंपनीचा माणूस जागेवर असावा आणि काम संपल्यावर नवी खोली मोजून नकाशात भरावी, अशा अटी परवान्यातच हव्यात. त्या पूर्ण होईपर्यंत ठेकेदाराची बँक हमी सोडू नये.

– काही पाइपलाइन अभियंते, पुणे