२५०-०-२५० बांधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न.

तोंडावर आभार मानू लागलो तर तुम्ही "जा आता घरी, गाणी ऐक" म्हणून विषय मिटवलात. म्हणून आज सगळ्यांदेखत लिहितो आहे.

आजोबांच्या पाच वॉल्व्हच्या (काचेच्या जुन्या व्हॅक्यूम नळ्यांच्या) रेडिओचा पॉवर ट्रान्सफॉर्मर जळाला आणि मी लॅमिंग्टन रोड पालथा घातला. १२-०-१२, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट देणारा, मागा, लगेच हातात. २५०-०-२५० म्हटलं की दुकानदार नुसती मान हलवायचे. चोरबाजारात एक जुना दिसला, पण त्याची कुठली वायर कशाची, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. एक जण तर खोक्यात एफएमचं किट बसवून द्यायला निघाला. लाकूड आजोबांचं आणि आवाज भलत्याचाच, असलं मला नको होतं. शेवटी काउंटरमागच्या एका मुलाने तुमचा गिरगावातला पत्ता सांगितला. त्याचेही आभार.

तुम्ही आधी विचारलंत, "जळाला कशाने?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. चासी (आतला धातूचा सांगाडा) उलटी करून मीटर लावलात, तर डीसी गुळगुळीत करणारा फिल्टर कंडेन्सर शॉर्ट. एसीचा डीसी करणाऱ्या ईझेड८० या रेक्टिफायर वॉल्व्हमधून सगळा करंट तिथेच जात होता. हाय टेन्शनची, म्हणजे २५० व्होल्ट देणारी, वाइंडिंग तग धरणार कशी? "हा न बदलता नवा लावलास, तर तोही गेला म्हणून समज."

मग जुना ट्रान्सफॉर्मर सोडवायला बसलात. स्टॅम्पिंगची, म्हणजे गाभ्याच्या पत्र्याची, एकेक पट्टी न वाकवता काढलीत, कारण त्याच परत भरल्या की चासीवर जुन्याच स्क्रूंनी बसणार होत्या. आतली तार कोळसा झाली होती, पण सगळ्यात वरची, वॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटची वाइंडिंग शाबूत होती. तिचे वेढे मोजलेत: ३४. ६.३ व्होल्टला ३४, म्हणजे व्होल्टमागे ५.४. एवढ्या एका आकड्यावरून लग्नपत्रिकेच्या पाकिटावर अख्खा ट्रान्सफॉर्मर मांडलात! ईएल८४ या आउटपुटच्या वॉल्व्हला २५० व्होल्ट लागतात, म्हणून हाय टेन्शनला दोन्ही बाजूंना १३५० आणि वर थोडे जास्त, लोड आल्यावर व्होल्टेज पडतं म्हणून. सगळ्या वॉल्व्हची भूक ७० मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणून तार ८० ची धरलीत. प्रायमरी, म्हणजे घरच्या विजेला जोडायची वाइंडिंग, मात्र मुद्दाम २४० व्होल्टची. हल्ली लाइन चढी असते आणि ६.३ चे ७ झाले की वॉल्व्ह लवकर मरतात, हे मला तिथेच कळलं.

वार्निश पूर्ण वाळेपर्यंत तुम्ही ट्रान्सफॉर्मर हातात दिला नाहीत. माझी घाई तुम्हाला दिसत होती, तरीही. बरं केलंत. पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये होता. आत शॉर्ट असता तर तो लख्खच राहिला असता; तो उजळून मंदावला तेव्हा कुठे तुम्ही खुर्चीला टेकलात. थोड्या वेळाने ५५८ किलोहर्ट्झवर आकाशवाणीची अस्मिता लागली, गुणगुण अजिबात नाही.

पैसे तुम्ही तारेचे नि कंडेन्सरचेच घेतलेत. हिशेबाचं ते पाकीटही मलाच दिलंत, "पुढे कुणाला लागलं तर" म्हणून. ज्यांच्याकडे असा सेट बंद पडून आहे, त्यांनी खुशाल मागावं, फोटो पाठवतो.

हाताखाली शिकायला कुणी येत नाही, असं तुम्ही बोलता बोलता म्हणालात. माझा भाचा डिप्लोमाला आहे आणि ते पाकीट बघून भारावला आहे. तुमची हरकत नसेल, तर येत्या शनिवारी त्याला घेऊन येतो. बॉबिनवर तार भरण्यापासून सुरुवात करू द्या.

आपला ऋणी,
पाच वॉल्व्हच्या रेडिओवाला