डाचा म्हणता, मग वाडी पण राखा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

अलिबागपासून श्रीवर्धन, दापोलीपर्यंत बंगल्यांच्या ज्या इंग्रजी जाहिराती फिरतायत त्यात आता फार्महाऊस, व्हिला हे शब्द जुने झाले, ‘डाचा’ आलाय. किनाऱ्यावर तुमचा स्वतःचा डाचा, प्रायव्हेट पूल, लॉन, चोवीस तास सिक्युरिटी. व्हॉट्सअ‍ॅपवर प्लॉटचे मेसेज येतात त्यातही तेच. मला हे खरंच खटकतं म्हणून लिहितोय.

डाचा हा रशियन शब्द, ‘देणे’ या क्रियापदावरून आलेला. झार पीटर द ग्रेटने सेंट पीटर्सबर्गच्या आसपास सरदारांना जमिनी दिल्या, ती दिलेली जमीन म्हणजे डाचा. इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोक्यात मात्र डाचा म्हणजे मोठ्या पुढाऱ्याचा बंदोबस्तातला बंगला, कारण बातम्यांतून शब्द आला तो तसाच आला. स्टॅलिन 1953 मध्ये वारला तो मॉस्कोजवळच्या डाचात, सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्हना ऑगस्ट 1991 च्या बंडात अडकवून ठेवलं ते क्रिमियातल्या फोरोसच्या डाचात. जाहिरातवाल्यांनी नेमका तोच थाट उचलला.

साध्या रशियन माणसाचा डाचा वेगळाच. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातल्या, ऑफिसातल्या लोकांना शहराबाहेर बागेसाठी जमिनीचे तुकडे मिळायला लागले, ठरलेलं माप सहा सोत्का. एक सोत्का म्हणजे 100 चौरस मीटर, आपला गुंठा 101 चौरस मीटरचा, म्हणजे सरळ सहा गुंठेच की! त्यावर लाकडाचं छोटंसं घर, घर किती मोठं बांधायचं यावर तेव्हा बंधनं, आणि बाकी सगळी जमीन लागवडीला. मे महिन्याच्या सुट्ट्यांत लोक लोकल गाड्या भरभरून जातात ते बटाटे लावायला, मग काकडी, शेपू, सफरचंद, आणि हिवाळ्यासाठी लोणची-मुरंब्याच्या बरण्या. 1990 नंतर पगार वेळेवर होत नव्हते, दुकानात भाव परवडत नव्हते, तेव्हा असल्या तुकड्यांनी कितीतरी घरांना जगवलंय.

सहा गुंठ्यांच्या वाडीत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, काय होतं ते आमच्याकडे कुणालाही विचारा. माड, त्यांच्या सावलीत पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पोफळीवर चढवलेला मिरवेल, मध्ये केळी, कडेला एखादं जायफळ, आणि विहिरीवरून पाटाने झाडांभोवतीच्या आळ्या-आळ्यात फिरणारं पाणी. सकाळी पाणी सोडलं की एक आळं भरलं का बघायचं, फावड्याने मातीचा बांध फोडायचा, पाणी पुढच्या आळ्यात, परत बांध घालायचा, असं शेवटच्या माडापर्यंत. वाडी पाणी पिते पण झाडांनी सावली धरलेली असते, पालापाचोळा आळ्यातच कुजतो, जमीन ओली राहते.

आता शेजारी बंगला होतो तेव्हा आधी चिऱ्याचा गडगा जातो आणि पुरुषभर उंच काँक्रीटची भिंत येते, मग झाडं जातात, मग लॉन आणि पूल. मालक महिन्या-दोन महिन्यांनी दोन दिवस येणार, पण बोअरचा पंप उन्हाळाभर चालू. समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी असं उपसत राहिलं की खारं पाणी आत सरकतं आणि त्रास होतो तो बाजूच्या विहिरीला. मचूळ पाण्यावर पोफळ टिकत नाही हो.

रशियन लेखक चेखवच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ नाटकात, 1904 चं आहे ते, कर्जात बुडालेल्या कुटुंबाला सल्ला मिळतो तो हाच, बाग तोडा, प्लॉट पाडा आणि डाचासाठी भाड्याने द्या. म्हणजे डाचाच्या नावावर बागा तिकडेही गेल्यात, मी काही रशियाची आरती करत नाहीये. आमच्याकडे 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, एका दुपारीत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, नवीन पोफळ धरायला पाच-सात वर्षं तरी लागतात आणि तोवर घर कशावर चालवायचं? अशा वेळी एजंट पैसे घेऊन दारात उभा राहिला तर विकणाऱ्याला मी दोष देणार नाही.

पण घेणाऱ्यांना सांगणं आहे. यातले बरेचजण आमचेच चाकरमानी, मुंबई-पुण्याचे, गणपती-शिमग्याला येणारे. घर जरूर बांधा, पण उभे माड-पोफळी ठेवून बांधा, लॉनच्या जागी आळी करा, पावसाळ्यात मांडवावर पडवळ-काकडी सोडा, भात निघाल्यावर कडवे वाल टाका. रोज येणं जमत नसेल तर गावातल्या माणसाला वाडी अर्ध्या वाट्याने द्या, नारळ-सुपारीही मिळेल आणि घरही उघडं राहील. पूल नसला तर काही अडत नाही, समुद्र समोरच आहे.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणं. घरांबद्दल लिहाल तेव्हा पाणी कुठून येणार आणि किती झाडं तोडली हे बिल्डरला विचारून छापा. निसर्गनंतर ज्यांनी वाड्या परत लावल्या त्यांच्याकडेही माणूस पाठवा, रोपं कुठून आणली, भरपाई किती मिळाली, आता पीक धरलंय का ते त्यांच्याच तोंडून येऊ दे.

आपला,
एक वाडीवाला वाचक, श्रीवर्धन