चि. सुजूस, कर्द्याला निघण्याआधी

वाई, बुधवार

चि. सुजू हिस अनेक आशीर्वाद.

परवा शुक्रवारी तुम्ही जेवायला याल तेव्हा अभिजितराव आणि ईरासमोर दापोलीजवळच्या कर्द्याच्या समुद्राचा विषय काढायचा नाही, असं तुझ्या आईनं बजावलंय. म्हणून लिहितोय. पाकीट लाडवांच्या डब्याखाली असेल. महाबळेश्वरला खोलीवर पोहोचलीस की वाच, गाडीत नको.

काल तू "बाबा, आता पुरे" म्हणून फोन ठेवलास. राग नाही. पुरे म्हणालीस ते बरोबरच होतं, तेच तेच तीनदा सांगितलं मी. इथं समुद्राबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. घाटाचं लिहितो, ते माझ्या हक्काचं आहे.

पसरणीची तुला सवय आहे. आंबेनळी वेगळी. प्रतापगडाचा फाटा मागं पडला की जो उतार लागतो तो थेट पोलादपूरपर्यंत. ज्या गिअरमध्ये चढवायची त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे आम्हाला एसटीत आधी शिकवलं, स्टेअरिंग नंतर दिलं. तुमची गाडी आपोआप गिअर बदलते म्हणे, पण तिच्यातही उताराला खालचा गिअर धरून ठेवायची सोय असतेच. ती वापर. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नकोस, वास यायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे. आरशात मागचा कितीही दिवे मारू दे, त्याला जाऊ दे आणि तू तुझ्या चालीनं ये. ईराला पुढं बसवू नकोस, पण खिडकी उघडी ठेव आणि आवळासुपारी जवळ असू दे. मळमळण्यात ती तुझ्यावर गेलीय.

माझी मुलगी स्वतः गाडी चालवत आंबेनळी उतरणार, हे कट्ट्यावर सगळ्यांना सांगून झालंय. कदम म्हणाला, "मग आता तुम्ही मागच्या सीटवर बसून बेल मारा." हसलो सगळे. मला घरी येईपर्यंत हसू येत होतं.

फोनवर तू म्हणालीस की २०१८ च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसं महाबळेश्वरला सहलीला निघाली होती, त्यांची बस याच आंबेनळीत गेली, आणि तरी बाबा तुम्ही मला घाटानं जाऊ नको म्हणत नाही. खरं आहे. ती बातमी ऐकली त्या रात्री मी जेवलो नव्हतो. पाण्यापेक्षा रस्त्यावर माणसं जास्त जातात, हेही खरं. तुझ्याशी वादात मी जिंकलो नाही, कधीच जिंकत नाही. पण घाट मला वाचता येतो सुजू. वळण कुठं आवळतं, दगड कुठून सुटतात, हे डोळे मिटून सांगेन. समुद्राचं मला काही कळत नाही. नंदूला तरी कुठं कळलं.

बघ, लिहिणार नव्हतो.

महाबळेश्वरला गर्दी असेल, मे महिना आहे. लिंगमळ्याला जाऊ नका, आता धबधबा कोरडा असतो. स्ट्रॉबेरीचा हंगामही सरला. क्षेत्र महाबळेश्वरला मात्र सकाळी लवकर जा आणि ईराला पंचगंगेच्या देवळात गोमुखाशी उभी कर. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, पाची नावं तिच्याकडून पाठ करून घे. मग तिला सांग की कृष्णा खाली आपल्या गणपती घाटावरून जाते आणि चौदाशे किलोमीटर हिंडून पार आंध्रात समुद्राला मिळते, आणि सावित्री मात्र उलटी कोकणात उडी घेते आणि शंभरेक किलोमीटरांत बाणकोटला पोहोचते. आर्थर सीटवरून तिचीच दरी दिसते. तुम्ही घाट उतराल तेव्हा पोलादपूरपर्यंत ती सोबतीला असेल. वेण्णा तळ्यात नावेत बसलात तर जॅकेट घालूनच बसा. मोठ्यांनीही. नाववाला नको म्हणाला तर उतरा.

खेडकडं जाताना आता कशेडीचा बोगदा झालाय, जुना घाट टळतो. भरणे नाक्यावर दापोलीला वळायचं. आपण गेलो तेव्हा बोगदा कुठला, माझ्या पासावर एसटीनं गेलो होतो. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर तू आईच्या मांडीवर, मी आणि नंदू शेजारी. ड्रायव्हर गिअर टाकायचा आणि माझा पाय आपोआप क्लचसारखा खाली जायचा. नंदूनं ते पाहिलं आणि दापोलीपर्यंत माझी नक्कल करत राहिला. तुला आठवत नसेल, तू चार-साडेचार वर्षांची होतीस. हर्णैला बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालला होता, त्या गलक्यात तू एका टोपलीत हात घातलास आणि खेकड्यानं बोट धरलं. रडली नाहीस. त्या मावशींनी सोडवलं आणि वर तुलाच दटावलं. मग वाळूवर गेलो. समोर सुवर्णदुर्ग. पहिली मोठी लाट येताना दिसली तशी तू ओरडलीस, "धोम धरणाचं गेट उघडलं!" नंदूनं तुला खांद्यावर घेतलं आणि सरळ पाण्यात. तुझी आई किनाऱ्यावरून ओरडतेय, मी हसतोय. तुझ्या आईनं बाटलीभर समुद्र घरी आणला आणि वर्षभर देवाजवळ ठेवला. तो फोटो तुझ्याकडं आहे ना? आमच्या अल्बममधून गेलाय. तूच नेला असशील.

नंदूचं अलिबागचं त्यानंतर दोन वर्षांनी.

गणपतीपुळ्याच्या सहलीच्या कागदावर मी सही केली नाही, हे तू काल पुन्हा ऐकवलंस. नववीतली गोष्ट तू अजून धरून आहेस. आज तो कागद समोर आला तर सही करीन का? सांगता येत नाही. बहुतेक नाहीच. तुझ्या मैत्रिणी जाऊन आल्या, त्यांना काही झालं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता लिहितोच आहे तर सगळं लिहून टाकतो, म्हणजे शुक्रवारी तोंडानं बोलायला नको. आमच्याबरोबर दापोली डेपोचे एक कंडक्टर होते, हर्णैचे. त्यांनी मला हिशोब शिकवला होता. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. रविवारी तुम्ही कर्द्याला पोहोचाल ती एकादशी. अकराचे पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी दोनच्या आसपास ओहोटी. रोज पाऊण तासानं पुढं. हा अंदाज झाला, नक्की वेळ तिथल्या माणसांना विचार, तुझ्या मोबाइलला नंतर. पाणी उतरत असताना आत जायचं नाही. तुम्ही असाल ते दिवस पौर्णिमेच्या दिशेनं चाललेत, म्हणजे पाणी रोज जास्त चढेल आणि जास्त ओढेल. शिवाय १ जूनपासून मासेमारी बंद होते. मेच्या शेवटी वारं फिरलं की कोळी होड्या वर ओढायला लागतात. त्यांनी होड्या वर घेतल्या असतील तर आपण पाण्यात उतरण्यात काय शहाणपण?

आणखी एक. लाटा फुटतायत तिथं माणूस घाबरतो. पण दोन्हीकडं लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसतोय, तिथं आत ओढ असते. नवखा नेमका तिथंच उतरतो, पाणी शांत आहे म्हणून. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडं हात मारायचे नाहीत, दम जातो. आडवं जायचं, किनाऱ्याला समांतर, ओढीतून बाहेर पडेपर्यंत. हात वर करून मदत मागायची. अभिजितरावांना पोहता येतं, ते मला माहीत आहे, तलावात शिकलेत. नंदू धोमच्या कालव्यातून उलटा पोहून यायचा. ताकदीचा होता. तो किनाऱ्याकडंच हात मारत राहिला असणार.

हे तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस.

फार लांबलं. शिकवणी घेतली तुझी, पस्तिशीच्या बाईची, माफ कर. तू बँकेत माणसं सांभाळतेस, घर सांभाळतेस, आम्हा दोघांची औषधं पुण्यातून लक्षात ठेवतेस, तुला भरती-ओहोटी मी सांगायची? तुम्ही जायचंच आहे. ईरानं समुद्र बघायलाच हवा, वाईत जन्मलेल्या बाईची लेक आहे म्हणून तिनं नदीवरच थांबावं असं मी म्हणणार नाही. मुरुडला दुर्गादेवीचं देऊळ दाखव, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा, वरून सगळा किनारा दिसतो. वरून समुद्र चांगला दिसतो.

आईच्या गुडघ्यामुळं आम्ही येत नाही, असं ईराला सांग. कारण तेच आहे. येताना हर्णैहून सोडे आण, पावशेर पुरे, वाळलेले बघून घे. पोलादपूरला पोहोचलात की एक फोन कर. कर्द्याहून रोज केला नाहीस तरी चालेल. संध्याकाळी सातला मी मोकळाच असतो.

तुझे,
बाबा

ता. क. ईरासाठी ते फुगवायचं रबरी बदक घेतलंयस असं तिनंच मला फोनवर सांगितलं. ते समुद्रावर काढू नका, परत येताना वाईला घेऊन या. जमिनीवरून वारा सुटला तर ते तिच्यासकट आत जातं. आपल्या न्हाणीत खेळेल त्याच्याशी, टप मोठा आहे.